लेबोनाच्या खिशातले चाचणीचे नाणे

मी, मातुमेलो सेलिकाने, कै. लेबोना सेलिकाने यांची पत्नी, राहणार तेयातेयानेंग, व्यवसाय प्लास्टरचे उठावकाम व भिंतींवरची नक्षी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याबद्दल माझे दीर तेफो सेलिकाने यांना शंका असल्याने मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडून तसा दाखला घेतला असून तो सोबत जोडला आहे. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी फूस लावलेली नाही. बोटांचे सांधे सुजल्यामुळे अक्षर वाकडे येते. ते दुखणे हाताचे आहे, मनाचे समजू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण लग्न झालेल्या बाईचे स्वतःचे असे काही असते हेच पूर्वी कायदा मानत नव्हता. आता मानतो, म्हणून लिहिते.

या कागदाप्रमाणे वाटणी करून देण्याचे काम आमच्या गावप्रमुख म्मे माखोत्सो यांनी करावे. त्यांनी ते तोंडी कबूल केले आहे. मोठ्या बाईला आदराने म्मे आणि मोठ्या पुरुषाला न्ताते म्हणण्याची आमची रीत या कागदातही पाळली आहे.

कलम १. राहते घर

दगडी बांधणीच्या दोन खोल्या, त्यांना लागून पत्र्याची कामाची खोली, अंगण, अंगणातली पीचची झाडे व पाण्याची टाकी, हे सर्व मी माझी मुलगी लिपुओ हिला देते. तिने ते कधीच विकू नये असे माझे म्हणणे नाही. विकण्याआधी भावाला विचारावे.

या कलमाला हरकत येणार हे मला माहीत आहे, म्हणून हकीकत लिहून ठेवते. लेबोना तरुणपणी सीमेपलीकडे सोन्याच्या खाणीत कामाला होते. तिथे अर्धवट राहिलेला सुरुंग त्यांच्यासमोर उडाला आणि दोन्ही डोळे गेले. खाणीने भरपाई दिली, तेव्हाच्या गावप्रमुखांनी ही जागा दिली, आणि भरपाईच्या पैशातून भिंती उभ्या राहिल्या. पैसे तिथेच संपले. छप्पर आणि कामाची खोली माझ्या प्लास्टरकामातून झाली. तेफो त्या काळात आमच्याकडे जेवायला येत असे. दगड उचलायला कधी आला नाही.

लेबोना गेले तेव्हा मी दुखवट्याच्या काळ्या कपड्यांत होते. तेफो एक बैल घेऊन आला आणि आमच्या अंगणात बांधला.

“वहिनी, भावाचं घर रिकामं ठेवायचं नसतं,” तो म्हणाला.

“रिकामं कुठे आहे? मी आहे, लिपुओ आहे.”

“तुम्ही बायका. मी माणसाबद्दल बोलतोय.”

“मग बैल का आणलास?”

तो निघून गेला, पण बैल तिथेच ठेवून. बैल आमच्या पीचच्या झाडांच्या साली खात राहिला. शेवटी म्मे माखोत्सोंनी बैठक बोलावली. माझा मुलगा तुमेलो जोहान्सबर्गला पहारेकरी आहे, त्याला सुटी मिळाली नाही, म्हणून त्याला फोनवर घेतले आणि फोन सगळ्यांना ऐकू जाईल असा मध्ये ठेवला.

“काका,” तो म्हणाला, “रीतीने बघितलं तर थोरला मुलगा मी. म्हणजे घर माझं. बरोबर?”

“बरोबर,” तेफो म्हणाला. त्याला हे आवडले.

“मग मी सांगतो, घर आईचं, आणि आईनंतर लिपुओचं. बैल घेऊन जा.”

“शहराने तुला बिघडवलं रे.”

“बिघडवलं खरं. म्हणूनच मला तिकडचं घर नको.”

बैठकीत लोक हसले. तेफो त्या दिवशी बैल घेऊन गेला, पण अजून बाजारात भेटेल त्याला सांगतो की वहिनीचे डोके फिरले आहे. बैठकीतला निर्णय म्मे माखोत्सोंच्या शिक्क्यानिशी घराच्या कागदांना जोडला आहे.

कलम २. दीर तेफो सेलिकाने

तेफोला मी लेबोनाची तपकिरी जाड घोंगडी देते. ती त्याने एका लग्नाला जाताना मागून नेली होती आणि परत आणलेली नाही. ती आता परत मागू नये.

कलम ३. अकॉर्डियन

लेबोनाचे अकॉर्डियन तुमेलोला. भात्याला चीर आहे, ती चिकटवून घ्यावी. वाजवता येत नसेल तर शिकावे. लेबोना डोळे गेल्यावरच शिकले होते, आणि पहिले वर्ष शेजाऱ्यांनी फार सोसले.

कलम ४. हत्यारे

हाडाच्या सुऱ्या, खरवडण्या, साचे, भिंग आणि लाकडी टेबल हे ज्या मातीकामाच्या कारखान्यात मी शिकले त्या कारखान्यातल्या बायकांना द्यावे. लिपुओला त्यांचा उपयोग नाही. ती बसवर कंडक्टर आहे आणि प्लास्टरच्या धुळीने तिला शिंका येतात.

कलम ५. बँकेतली शिल्लक

माझ्या दफनाचा खर्च होऊन जे उरेल ते दोन्ही मुलांनी सारखे वाटून घ्यावे. दफनाला एकच गाय कापावी. लोक नावे ठेवतील. ठेवू द्यावीत.

कलम ६. चाचणीचे नाणे

हे कलम लांबले आहे, पण मुलांना ही गोष्ट अर्धी अर्धी ठाऊक आहे आणि बाहेरच्यांना चुकीची.

ज्या वर्षी देशासाठी एक नवे नाणे काढायचे ठरले, त्या वर्षी मध्यवर्ती बँकेने कारागिरांकडून नक्ष्या मागवल्या. चाचणीसाठी दोन निवडल्या. एक कोपानो मोखेसी यांची, डोंगरातल्या दाढीवाल्या गिधाडाची. दुसरी माझी. मी लितेमा काढली होती. आमच्याकडे बायका सारवलेली भिंत ओली असताना बोटांनी आणि काट्याने नांगराच्या तासांसारख्या रेघा ओढतात, तीच नक्षी. मी ती माझ्या आईच्या भिंतीवरून शिकले.

कागदावर चित्र काढणे वेगळे आणि नाण्यासाठी उठाव करणे वेगळे. आधी ताटाएवढ्या प्लास्टरवर काम करायचे. मग टांकसाळीतले यंत्र त्यावरून सुई फिरवत तेच काम पोलादात छोटे करून उतरवते, आणि त्या पोलादी ठशाने नाणी पडतात. टांकसाळ समुद्रापलीकडची होती. तिने दोन्ही नक्ष्यांची थोडी थोडी नाणी चाचणीपुरती पाडून पाठवली. बँकेच्या निवड समितीचे प्रमुख न्ताते मोसिली यांनी कागदाची पुडी सोडली आणि नाणे माझ्या तळहातावर ठेवले. माझ्या आईच्या बोटांची चाल त्या एवढ्याशा गोलात बसली होती. मी ते उलटेसुलटे करत मिळेल त्या खुर्चीवर बसले. न्ताते मोसिलींनी पाणी मागवले.

नाणी समितीच्या ताब्यातच राहायची, घरी न्यायची परवानगी नव्हती. अडचण एक होती. नव्या नाण्याचा आकार सीमेपलीकडच्या एका नाण्याला फार जवळ होता, आणि आमच्याकडे दोन्ही देशांचे पैसे चालतात. म्हणून दुकानदार, बस कंडक्टर आणि अंध माणसे यांच्याकडून चाचणी करून घ्यायचे ठरले. अंधांमध्ये लेबोनाचे नाव मीच सुचवले. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे लोक म्हणाले की त्यांना कोणी फितवले.

लेबोना टेबलाशी बसले. वाडग्यात सीमेपलीकडची नाणी, माझी नाणी आणि गिधाडाची नाणी एकत्र केली होती. कोपानो आणि मी भिंतीशी उभे होतो. लेबोना एकेक नाणे उचलत, अंगठा फिरवत, बाजूला ठेवत होते. बराच वेळ झाला.

“न्ताते, घाई नाही,” मोसिली म्हणाले.

“घाई करत नाहीये. या पक्ष्याचा पंख लागतो बोटाला. पण तो आज लागतो. चार हातांतून फिरला की नाही लागणार.” मग त्यांनी माझे नाणे आणि पलीकडचे नाणे दोन चिमटींत धरले. “आणि ही दोन मला एकच आहेत.”

“त्यातलं एक तुमच्या घरच्यांनी केलेलं आहे,” समितीतले कोणीतरी म्हणाले.

“माहीत आहे. म्हणून तर पुन्हा पुन्हा बघितलं.” त्यांनी दोन्ही नाणी खाली ठेवली. “हे असंच काढलंत तर दुकानात मला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा लागेल. तो मी आधीच पुष्कळ ठेवतो.”

 कोपानो स्वतःच्या बुटांकडे बघत होते.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना खिडकीशी बसवले आणि स्वतः पुढच्या बाकावर बसले. मग राहवले नाही, वळून म्हणाले, “तुमेलोचे बाबा, घरी सांगता आलं असतं.”

“घरी नाणं कुठे होतं?”

“प्लास्टर होतं. त्यावर हात फिरवून काय म्हणालात? शेतात उभं राहिल्यासारखं वाटतं म्हणालात.”

“वाटलंच होतं. पण ते ताटाएवढं होतं, मातुमेलो. ताट खिशात मावत नाही.”

शेजारची बाई हसली. मी पुढे तोंड केले ते पुष्कळ दिवस मागे वळवले नाही. त्या हिवाळ्यात आम्ही लिपुओच्या मार्फत बोललो. मी म्हणायचे, “बाबांना सांग, मक्याचा पापा झाकून ठेवलाय.” ते म्हणायचे, “आईला सांग, सापडला. मोरोहोच्या पालेभाजीत मीठ नाही, तेही सांग.” लिपुओ तेव्हा शाळेत होती. एके दिवशी ती पाटी आपटून म्हणाली, “तुम्ही दोघं मला पगार द्या.”

त्यांनी खोटे सांगायला हवे होते असे मला तेव्हाही वाटले नाही. माझा राग वेगळा होता. माझे काम सगळ्यात जास्त ज्यांनी हातात घेतले, त्यांच्याच हाताला ते लागले नाही.

पीच फुलायला लागले तेव्हा समितीचे पत्र आले. गिधाड पसंत झाले होते, पण ते हाताला कळेल यासाठी काय करता येईल, हे दोन्ही कारागिरांनी सुचवावे. मी पत्र टेबलावर टाकून दिले; लिपुओने ते बाबांना वाचून दाखवले. त्याच दिवशी लेबोना काठी टेकत कामाच्या खोलीत आले आणि माझ्या स्टुलावर बसले.

“कडेला काय करता येतं?” त्यांनी विचारले.

“गिधाड माझं नाही.”

“पैसे मोजणारा हात तर माझा आहे.”

मी लाकडाच्या चकत्या कापल्या आणि कडांना खाचा पाडल्या. नुसत्या खाचांना ते “पलीकडच्यासारखं” म्हणाले. नुसत्या गुळगुळीत कडेला “साबण” म्हणाले. मग मी थोड्या खाचा, थोडी मोकळी जागा, पुन्हा खाचा असे केले. ते मोकळ्या जागेवर अंगठा आणून थांबले. “इथे दार आहे,” ते म्हणाले. त्या चकत्या आम्ही कमी-जास्त करत राहिलो. जेवायची आठवण लिपुओने केली, आणि त्या दिवशी ती निरोप्या नव्हती.

ती कड मंजूर झाली. गिधाडाचे नाणे त्याच कडेने चालले. लेबोना बसचे भाडे स्वतः मोजून देऊ लागले. ते नाणेही आता चलनातून गेले आहे. माझ्या नक्षीची बाकीची चाचणीची नाणी वितळवायला परत गेली. एक मात्र समितीने रीतसर ठराव करून मला आठवण म्हणून दिले. ठरावाची प्रत घराच्या कागदांतच आहे. ती जपून ठेवावी, म्हणजे नाणे चोरीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. मी ते बटणांच्या डब्यात टाकले आणि डबा फळीवर ठेवला.

पुष्कळ वर्षांनी ब्लूमफाँटेनचा एक नाण्यांचा व्यापारी दारात आला. त्याला त्या नाण्याचा पत्ता कुठून लागला कोण जाणे. असे नाणे जगात दुसरे मिळणार नाही, संग्राहक त्यासाठी काहीही देतील, असे तो म्हणाला. मी डबा उतरवला. बटणे पसरली. नाणे नव्हते. मला वाटले, तेफोने नेले.

लेबोना अंगणात उन्हाला बसले होते. आमचे बोलणे त्यांना ऐकू गेले असावे. “डब्यात नाही ते,” असे म्हणून त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून नाणे काढले.

व्यापाऱ्याने भिंग लावले, नाणे उलटे केले, पुन्हा सुलटे केले. त्याचा चेहरा उतरला.

“हे तर वापरलेलं आहे. हे चलनात आलंच नव्हतं ना?”

“माझ्या खिशात होतं चलनात,” लेबोना म्हणाले.

“न्ताते, याला हात लावला नसता तर तुमच्या मुलांनी शहरात घर घेतलं असतं.”

“मुलांचं एक घर आहे.”

व्यापारी चहा न घेता गेला. मी नाणे हातात घेतले. नांगराच्या तासांचे सगळे माथे सपाट झाले होते. मधल्या भागात तर नक्षी नुसती सावलीसारखी उरली होती.

“तुम्हाला तर हे नको होतं,” मी म्हणाले.

“नको कधी म्हणालो? ओळखता येत नाही म्हणालो.”

“आणि आता?”

“आता येतं.”

मी आत गेले आणि घरात होती नव्हती तेवढी चिल्लर वाडग्यात घालून आणली. त्यात ते नाणे मिसळले. लेबोनाने हात घातला आणि पहिल्या उचलीला तेच बाहेर काढून माझ्या पुढ्यात धरले.

मला माझे काम समजते, म्हणून मी खरे ते सांगितले. “हे माझ्या रेघांमुळे नाही ओळखलंत. झिजलंय म्हणून ओळखलंत.”

“असेल,” ते म्हणाले. “माझ्याच हातानं झिजलंय ना?”

मी वाडगा घेऊन आत गेले आणि चुलीपाशी बसून राहिले. त्यांनी बाहेर अकॉर्डियन काढले. आम्ही त्यावर पुन्हा कधी बोललो नाही. ते जाईपर्यंत नाणे त्यांच्याच खिशात होते. त्यांना आंघोळ घालून कपडे बदलताना मी ते काढून घेतले.

सदर नाणे मी तुमेलोला देते. ते कापसात, काचेत किंवा पेटीत ठेवू नये. खिशात ठेवावे. हरवले तर हरवले. विकायला नेले तर व्यापारी काय म्हणेल ते वर लिहिलेच आहे.

कलम ७. प्लास्टरची ताटे

लितेमाच्या नक्षीचे मूळ प्लास्टर अंधांच्या विणकाम केंद्राला द्यावे. तिथल्या लोकांनी त्यावर हात फिरवावा. “हात लावू नका” अशी पाटी लावणार असतील तर देऊ नये. बाकीची ताटे पावसात विरघळली तरी चालतील.

कलम ८. कोपानो मोखेसी

कोपानो यांचे गिधाड चांगले होते. पंखाखालच्या पिसांचे काम मला जमले नसते. हे मी त्यांना कधी सांगितलेले नाही. पण नाणे निघाल्यावर ते रेडिओवर बोलले, आणि कारागिराच्या मनात आधीपासून संपूर्ण नाणे असते, चित्रापासून कडेपर्यंत, असे म्हणाले. लेबोना रेडिओजवळच बसले होते. “चित्रापर्यंत ठीक आहे,” ते म्हणाले आणि हसले. मला हसू आले नाही. गिधाडाच्या पायाशी कोपानोच्या नावाची अक्षरे होती. कडेवर सही करायला जागा नसते.

लेबोनाच्या दफनाला कोपानो आले होते. कबरीपाशी त्यांनी लांबलचक भाषण केले, त्यात गिधाड होते, डोंगर होते, देश होता. कड नव्हती.

ते माझ्याही दफनाला येतील आणि बोलतील. त्यांना बोलू द्यावे. कड कोणाची हे त्यांनी तेव्हा सांगितले तर त्यांना माझी काळी शेळी द्यावी. नाही सांगितले तरी जेवायला वाढावे.

याव्यतिरिक्त माझ्याजवळ देण्यासारखे काही नाही. मी वर लिहिलेले पुन्हा वाचले. ते मला मान्य आहे.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती: दुसरे साक्षीदार म्हणून शाळेचे मास्तर न्ताते राकोमा येणार होते. त्यांना आज एका दफनाला जावे लागले. पहिल्या साक्षीदार, परिचारिका पुलाने थाबाने, यांना दवाखान्यात लगेच परतायचे आहे, आणि दोन्ही सह्या एकाच वेळी समोरासमोर व्हाव्या लागतात. म्मे माखोत्सोंनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला हाक मारली. ते कोपानो मोखेसी निघाले. ते आत आल्यावर म्मे माखोत्सोंनी त्यांना नियम सांगितला, की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही.

“मला काय मिळणार होतं?” त्यांनी मला विचारले.

“काळी शेळी.”

“कशाबद्दल?”

साक्षीदाराने फक्त सही बघायची असते, आतले वाचायची गरज नसते. तरी मी कागद त्यांच्यासमोर सरकवला आणि म्हणाले, “आठवं कलम वाचा.” त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वाचले. मग पुन्हा वाचले. “मातुमेलो, पेन द्या,” एवढेच म्हणाले. त्यांना काय लिहायचे ते लिहू द्यायला माझी हरकत नाही. कलम आठमधली शेळी आता लिपुओला द्यावी.

मृत्युपत्र करणार: मातुमेलो सेलिकाने (सही, व डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार:

१. पुलाने थाबाने, परिचारिका (सही)

२. कोपानो मोखेसी, चित्रकार (सही)

साक्षीदार क्रमांक दोन यांच्या हस्ताक्षरात: मी कलम आठ वाचले. गिधाड माझे. कड मातुमेलो आणि लेबोना सेलिकाने यांची. रेडिओवर मला कोणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही. कबरीपाशी सांगायला गेलो होतो, तिथेही जमले नाही. हे पान कोणालाही दाखवावे.

स्थळ: तेयातेयानेंग
दिनांक: ११ सप्टेंबर २०१५